गाडीचा आरसा घेताना

ट्रकवाल्यांच्या घरात 'गाडी' हा शब्द एकाच वाहनासाठी असतो. आमच्या दारात दुचाकी आहे, शेजाऱ्यांकडे मोटार आहे, पण "गाडी आली का?" असे अम्मींनी विचारले की त्या भाईजानांच्या दहाटायरी ट्रकबद्दल विचारत आहेत, हे घरातल्या चार वर्षांच्या पोरालाही कळते. ही गाडी सांगलीच्या मार्केट यार्डात हळद किंवा तासगावचा बेदाणा भरते, पेठ नाक्यावर महामार्गाला लागते आणि कराड, सातारा, खंबाटकीचा घाट, पुणे असे टप्पे घेत वाशीला रिकामी होते. घरचा किराणा, पोरांच्या फिया, अम्मींची औषधे, सगळे या गाडीच्या चाकांवर चालते.

या महिन्यात मुलांच्या वाचनाविषयी लिहायचे आम्ही ठरवले होते. ते पुढच्या खेपेला. आमच्या अंगणात एक गोष्ट घडली आणि तिच्यामुळे आम्हाला गाडीच्या आरशांचा अभ्यास करावा लागला. वाचकांपैकी कित्येकांच्या घरी गाडी आहे, कुणाचा भाऊ चालक आहे, कुणाचा मामू गॅरेजात आहे. ज्यांच्या घरी गाडी नाही त्यांची मुले गाड्यांच्या बाजूने शाळेला जातात. तेव्हा हा विषय सगळ्यांचाच आहे.

झाले असे. पावसाळा संपता संपता यार्डात शेजारून मागे येणाऱ्या एका गाडीचा फाळका लागून आमच्या गाडीचा क्लीनर साईडचा, म्हणजे डावीकडचा आरसा फुटला. माल वेळेवर पोचवायचा होता. भाईजानांनी वाटेतल्या एका दुकानातून मिळाला तो आरसा घेतला, तारेने आवळला आणि खेप पुरी केली. पुढच्या तीन-चार खेपाही तशाच झाल्या. मग एका सकाळी गाडी घरासमोरच्या मोकळ्या जागेतून बाहेर काढायची होती. भाईजान वर चढले, दोन्ही आरशांत पाहिले, हॉर्न वाजवला आणि गाडी पुढे घेतली. कडकड असा आवाज झाला. भाभी पिठाच्या हातांनी धावत बाहेर आल्या. डाव्या पुढच्या चाकाखाली धाकट्या पुतण्याची तीनचाकी सायकल चपटी होऊन पडली होती. पुतण्या ओट्यावर माठापाशी उभा होता, हातात पाण्याचा पेला. सायकल तिथेच सोडून तो पाणी प्यायला गेला होता. अल्लाहचे शुक्र, याहून जास्त काही लिहिण्याची वेळ आली नाही.

भाईजान बावीस वर्षे गाडी चालवतात. त्या दिवशी ते दुपारी जेवले नाहीत. संध्याकाळी आम्हाला म्हणाले, "मास्तर, उद्या सांगलीला चल. चांगला आरसा घेऊ. त्या भिकार आरशानं घात केला असता." आम्हालाही तसेच वाटले. आम्ही दोघेही चुकत होतो, हे दुसऱ्या दिवशी सकाळी कळले.

बादल्यांची परीक्षा

विज्ञानाचे शिक्षक रजेवर असले की त्यांचे तास आमच्याकडे येतात. त्यामुळे काही घेण्याआधी मोजून पाहण्याची खोड लागली आहे. चालकाला काय दिसत नाही हेच माहीत नसेल तर आरसा कोणता घ्यायचा हे कसे ठरणार? म्हणून आम्ही भाईजानांना म्हणालो, "दुकानात जायच्या आधी तुम्ही जरा सीटवर बसा. इंजिन बंद, किल्ली माझ्याकडे."

घरातल्या चार रंगांच्या बादल्या आणल्या. शाळेतला खडू आणि मोजपट्टी घेतली. लाल बादली बंपरच्या पुढे तीन फुटांवर ठेवली, निळी डाव्या दारापासून तीन फुटांवर, हिरवी डावीकडच्या मागच्या चाकांजवळ आणि पिवळी थेट गाडीच्या मागे. भाईजानांनी फक्त दिसते त्या बादलीचा रंग सांगायचा. ते हसत वर चढले. काचेतून पाहिले, आरशांत पाहिले, मान वळवून पाहिले. मग म्हणाले, "हिरवी दिसते, थोडी हलल्यासारखी. बाकीच्या कुठं ठेवल्यास?"

आम्ही निळी बादली दारापासून लांब सरकवत गेलो आणि दर फुटाला खडूची रेघ मारत गेलो. जवळपास नऊ फुटांवर गेल्यावर ती त्यांना खिडकीतून दिसली. पुढची लाल बादली पाच फुटांवर गेल्यावर दिसली. मागची पिवळी तर दिसण्याचा प्रश्नच नव्हता. मग आम्ही बादलीत तीन फुटांची काठी उभी केली आणि तिच्यावर धाकट्याची टोपी घातली. काठी डाव्या दाराशी, चार फुटांवर. भाईजान खिडकीकडे झुकले आणि म्हणाले, "काय ठेवलंयस तिथं?" टोपीही दिसत नव्हती. काठी बंपरच्या पुढे दोन फुटांवर ठेवली, तिथेही तेच. भाईजान खाली उतरले, काठीवरची टोपी काढली आणि खिशात ठेवली. बराच वेळ काही बोलले नाहीत.

मग आम्ही शेवटची तपासणी केली. मोहल्ल्यातल्या एका वाहतूकदाराच्या गाडीचा डावीकडचा आरसा कंपनीचा होता. तो तासाभरासाठी मागून आणला आणि आमच्या गाडीला लावला. हिरवी बादली आता स्वच्छ दिसली, हलली नाही. निळी आणि लाल मात्र पूर्वीसारख्याच गायब राहिल्या. सायकल जिथे चिरडली ती जागा चांगल्या आरशातही दिसत नव्हती! भाईजानांनी भिकार आरशाला शिव्या दिल्या होत्या, पण त्या सकाळी सर्वांत महागडा तसला आरसा असता तरी सायकल वाचली नसती. तो आरसा मागचे दाखवण्यासाठी असतो. दाराखालचे आणि बंपरपुढचे दाखवणे हे त्याचे कामच नाही.

म्हणून वाचकांना पहिला सल्ला हा, की आरसा फुटला की तसाच दुसरा आणायला धावू नका. आधी बादल्या ठेवून पाहा. अर्धा तास लागतो आणि खर्च खडूचा.

पळीची पाठ

आरसे किती प्रकारचे असतात हे समजायला स्वयंपाकघर पुरते. सपाट आरशात वस्तू आहे तेवढीच दिसते, पण फार थोडी जागा दिसते. स्टीलची पळी घ्या आणि तिची पाठ तोंडासमोर धरा. चेहरा लहान होतो, पण मागची खिडकी, दार, फळीवरचे डबे, सगळे तेवढ्याशा पाठीवर मावते. हाच बहिर्गोल आरसा. पळी जितकी लहान आणि गोल, तितकी जास्त जागा आणि तितकी बारीक प्रतिमा.

गाडीचे आरसे या एकाच हिशोबावर बनतात. युरोपात आणि इतरही अनेक देशांत मानल्या जाणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या नियम क्रमांक ४६ मध्ये या आरशांचे वर्ग पाडले आहेत. जड मालवाहू गाडीचा मुख्य आरसा दुसऱ्या वर्गात येतो. त्याची वक्रता त्रिज्या १२०० मिलिमीटरपेक्षा कमी चालत नाही. म्हणजे चार फूट त्रिज्येच्या मोठ्या गोळ्याचा तो तुकडा समजा, जवळजवळ सपाट. चौथा वर्ग रुंद आवाक्याच्या आरशाचा, तो मुख्य आरशाच्या जोडीला असतो आणि शेजारची पट्टी दाखवतो. पाचवा वर्ग क्लीनर साईडच्या दारावर, खाली तोंड करून बसवलेल्या आरशाचा. तो दाराखालची जमीन दाखवतो. या दोन्हींची त्रिज्या ३०० मिलिमीटरपर्यंत कमी चालते, म्हणजे एक फूट. सहावा वर्ग केबिनच्या पुढे डोकावून बंपरसमोरची जागा दाखवणाऱ्या आरशाचा. त्याची त्रिज्या २०० मिलिमीटरपर्यंत चालते. आपल्याकडे काही बसच्या कपाळावर कानासारखे पुढे आलेले आरसे दिसतात, ते याच कामाचे.

आमच्या हिरव्या बादलीचा आरसा दुसऱ्या वर्गातला, निळीचा पाचव्या आणि लालचा सहाव्या. पिवळीसाठी आरसाच नाही, तिथे कॅमेरा किंवा माणूस हवा.

गाडी जुनी असली म्हणून जास्तीचे आरसे बसत नाहीत असे कुणी सांगितले तर मानू नका. युरोपीय संघाने २००७ मध्ये निर्देश काढून २००० सालापासून नोंदलेल्या, साडेतीन टनांवरच्या मालवाहू गाड्यांना चालकाच्या विरुद्ध बाजूला रुंद आवाक्याचे आणि जवळचे दाखवणारे आरसे मागाहून बसवायला लावले. मुदत होती ३१ मार्च २००९. रस्त्यावर आधीच धावणाऱ्या गाड्यांचे त्यांनी हे केले. आपल्याकडे आरशांसाठी ए.आय.एस. ००१ आणि ए.आय.एस. ००२ ही मानके आहेत. पहिले आरसा कसा असावा ते सांगते, दुसरे तो गाडीवर कसा बसवावा ते सांगते.

बहिर्गोल आरशाची एक लबाडी मात्र घरातल्या प्रत्येक चालकाला माहीत हवी. त्यात वस्तू लहान दिसते आणि लहान दिसते म्हणून लांब वाटते. डावीकडून येणारी दुचाकी आरशात बरीच मागे वाटते आणि प्रत्यक्षात ती दाराशी आलेली असते. नवा आरसा बसवल्यावर पहिले काही दिवस डोळ्यांना ही सवय लावावी लागते. उजवीकडच्या आरशापेक्षा डावीकडचा चालकापासून लांब असतो, त्यामुळे त्यात ही फसगत आणखी वाढते.

दुकानात

सांगलीला जाताना आम्ही फुटलेला आरसा आणि त्याचा वाकलेला पाईप बरोबर नेला. हे फार उपयोगी पडते. दुकानदार "हाच बसतो" म्हणतो, पण बसणे क्लॅम्पवर अवलंबून असते आणि क्लॅम्प पाईपच्या जाडीवर. जुना पाईप नेणे शक्य नसेल तर त्याच्याभोवती दोरा गुंडाळून तेवढा तुकडा कापून न्यावा. दोऱ्याच्या लांबीला ३.१४ ने भागले की पाईपची जाडी मिळते. आमच्या सातवीच्या मुलांना हे गणित येते. आता त्यांना त्याचा उपयोगही सांगता येईल.

पाईपची लांबीही बघायची. मालवाहू गाडीची बॉडी बहुधा केबिनपेक्षा रुंद असते, त्यात ताडपत्री फुगते. पाईप आखूड असेल तर आरशात रस्त्याऐवजी स्वतःच्या फाळक्याचे लाकूडच दिसत राहते. डावी आणि उजवी बाजू वेगळी असते. "उलटा करून लावा, चालतो" असे कुणी म्हटले तर पैसे खिशातच ठेवावेत.

काच कशी ओळखायची? आरसा हातात धरून दुकानाच्या शटरकडे पाठ करायची आणि शटरच्या रेघा आरशात पाहायच्या. चांगल्या बहिर्गोल आरशात रेघा कडेला सारख्या वाकतात. हलक्या काचेत त्या पाण्यावरच्या सावलीसारख्या लचकतात, आरसा थोडा फिरवला की सापासारख्या सरकतात. भाईजानांनी वाटेत घेतलेल्या आरशात हाच दोष होता. रात्री मागच्या गाडीचा एक दिवा त्यात दोन दिसायचा, हे त्यांनी तेव्हा सांगितले. इतके दिवस का सांगितले नाही, असे आम्ही विचारले नाही.

काचेमागचा थर आणि कडा पाहावी. कडेने पाणी शिरले की काळे डाग पडतात आणि दोन पावसाळ्यांत आरसा अंधळा होतो. मागचे कव्हर घट्ट, काच भक्कम चिकटवलेली हवी. आरशाला धक्का लागला तर तो मोडण्याऐवजी मिटला पाहिजे. गल्लीबोळांत आणि यार्डात याचे मोल कळते. दाराखालचे दाखवणारा आरसा माणसाच्या डोक्यापेक्षा उंच बसला पाहिजे, नाहीतर ज्याला वाचवायचे त्याचेच कपाळ फुटायचे. बाहेरदेशी बनावटीच्या आरशावर गोलात 'ई' हे अक्षर आणि शेजारी रोमन आकड्यात वर्ग असतो, तो तपासता येतो. आपल्या कंपनीचा असेल तर पार्ट नंबर विचारावा आणि तोच बिलावर लिहून घ्यावा. बिल नको म्हटले की थोडे स्वस्त मिळते. पण मग आठ दिवसांत काच सुटली तर दुकानदार आपल्याला ओळखत नाही.

नुसती काच फुटली असेल आणि कव्हर, पाईप, क्लॅम्प शाबूत असतील तर फक्त काच बदलून मिळते आणि ती स्वस्त पडते. त्यात कमीपणा नाही. फक्त नवी काच जुनीच्याच गोलाईची हवी. चालकाच्या डोळ्यांनी वर्षानुवर्षे एका गोलाईवर अंतराचा अंदाज बसवलेला असतो. काचेची गोलाई बदलली की अंदाज चुकतो.

आणि ते छोटे गोल चिकटवायचे आरसे? मोठ्या आरशाच्या बाहेरच्या खालच्या कोपऱ्यात एखादा लावला तर हरकत नाही. पण मधोमध चिकटवला तर कामाचा आरसा झाकतो. आणि त्याला पाचव्या वर्गाच्या आरशाची जागा देता येत नाही.

बाकीचे सामान

आमच्याकडे ठरलेली रक्कम होती. दुकानात भाईजानांच्या डोळ्यांसमोर दुसऱ्या वस्तूही लखलखत होत्या: रंग बदलणारे दिवे, सात सुरांचा हॉर्न, बंपरपुढे लावायचा चकचकीत पाईपचा गार्ड, आरशाच्या पाईपला बांधायचे गोंडे. गाडी म्हणजे चालकाचे घरच. घर सजवावेसे वाटणारच. आम्ही भाईजानांना मना केले नाही; फक्त वहीत दोन रकाने केले. एका बाजूला 'दिसण्यासाठी', दुसऱ्या बाजूला 'बघण्यासाठी'. वही त्यांच्याच हातात दिली.

सात सुरांचा हॉर्न त्यांनी स्वतःच खोडला. एकामागून एक वेगवेगळे सूर काढणारा हॉर्न केंद्रीय मोटार वाहन नियमांत बसत नाही, दंड होतो. पाईपचा गार्डही गेला. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने राज्यांना पत्र पाठवून असे गार्ड बेकायदा असल्याचे कळवले आहे. त्यातले लोखंड धडक बसलेल्या माणसाला जास्त लागते. गोंड्यांवर थोडी चर्चा झाली. वाऱ्यावर हलणारा गोंडा आरशासमोर येतो आणि त्यामागे अख्खी दुचाकी लपते, एवढे म्हटल्यावर त्यांनी तो केबिनच्या आत, मागच्या बाजूला लावायचे कबूल केले.

'बघण्यासाठी'च्या रकान्यात आले ते असे: डावीकडचा मुख्य आरसा पाईप आणि क्लॅम्पसह, त्याच्या जोडीचा रुंद आवाक्याचा आरसा, दाराखालचा आरसा, केबिनपुढचा आरसा, आणि गाडी मागे घेताना वाजणारा बझर. दुसऱ्याने आपल्याला बघावे म्हणून रिफ्लेक्टर पट्टी घेतली: पुढे पांढरी, बाजूंना पिवळी, मागे लाल. मागचा कॅमेरा पुढच्या हंगामावर टाकला. कॅमेरा चांगलाच, पण चिखलात त्याचा डोळा मिटतो आणि तो आला म्हणून आरसे पुसायचे कुणी थांबू नये.

दुकानात एका गृहस्थांनी बाजूचे आडवे लोखंडी पट्टे काढून टाकण्याचा सल्ला दिला, टायर बदलायला सोपे जाते म्हणाले. पुढच्या आणि मागच्या चाकांमधल्या मोकळ्या जागेत घसरलेला दुचाकीस्वार मागच्या चाकाखाली जाऊ नये म्हणून ते पट्टे असतात. ते काढू नयेत. वाकले असतील तर सरळ करून घ्यावेत.

येताना महामार्गावर एका जुन्या गाडीच्या मागे 'हॉर्न ओके प्लीज' वाचले. २०१५ मध्ये महाराष्ट्राच्या परिवहन विभागाने ही अक्षरे लिहायला मनाई केली आहे; विनाकारण हॉर्न वाजवायला त्यातून मुभा मिळते म्हणून. पण आम्हाला त्यात एक कबुलीही दिसली. मागचे मला दिसत नाही, तूच आवाज दे, असे ती गाडी मागच्याला सांगते. आरसा नीट असेल तर हे सांगावे लागत नाही.

अब्बांच्या वेळी हे काम क्लीनर करायचा. तो खाली उतरायचा, बॉडीवर थाप मारत "येऊ द्या, येऊ द्या" म्हणायचा आणि दोनदा थाप पडली की गाडी जागेवर थांबायची. आता भाड्यातून क्लीनरचा पगार निघत नाही म्हणून भाईजान एकटेच जातात. डावी बाजू बघणारा माणूस गाडीतून उतरला आणि त्याच्या जागी आपण काहीच ठेवले नाही. चार आरशांचा खर्च जास्त वाटत असेल तर त्या माणसाच्या एका महिन्याच्या पगाराशी ताडून पाहावा.

बसवताना

फिटरकडे गेल्यावर चालकाने स्वतः सीटवर बसले पाहिजे. सीट रोज चालवतो तशी आधी लावायची, मग आरसे फिरवायचे. मुख्य आरशाच्या आतल्या कडेला स्वतःच्या बॉडीची बारीक पट्टी दिसावी, बाकी सगळा रस्ता. बॉडी अजिबात दिसली नाही तर अंतराचा अंदाज लागत नाही, जास्त दिसली तर जागा वाया जाते. दाराखालच्या आरशात पुढचे चाक आणि त्याच्या बाजूची जमीन यावी. मग इंजिन चालू करून आरशात एखादा विजेचा खांब पाहावा. खांब थरथरत असेल तर क्लॅम्प सैल आहे, किंवा पाईपला दुसरा आधार हवा. रिकामी आणि भरलेली गाडी वेगळी बसते, म्हणून माल भरल्यावर एकदा पुन्हा पाहावे.

आम्ही घरी येऊन पुन्हा बादल्या ठेवल्या. खडूच्या रेघा अजून पुसल्या नव्हत्या. निळी दिसली. लाल दिसली, लिंबाएवढी, पण दिसली. भाईजान वरून मोठ्याने रंग सांगत होते आणि ओट्यावर बसलेली पोरे टाळ्या वाजवत होती. पिवळी अर्थातच दिसली नाही. आणि आम्ही टोपीची काठी हातभर इकडेतिकडे सरकवत राहिलो तेव्हा डाव्या कोपऱ्यात एक जागा अशी सापडली, जिथे ती एकाही आरशात येत नव्हती.

ही जागा राहतेच. लंडन शहरात बारा टनांवरच्या मालवाहू गाड्यांना आता परवाना लागतो आणि तो देताना चालकाला आरशांशिवाय, थेट काचेतून किती दिसते हे तपासून गाडीला तारे देतात. मार्च २०२१ पासून त्याची अंमलबजावणी आहे, ऑक्टोबर २०२४ पासून अट आणखी कडक झाली. इतके आरसे लावूनही पादचारी आणि सायकलस्वार चिरडले जात होते, म्हणून हे करावे लागले. आरशात पाहायला चालकाला दोन डोळेच आहेत. चार आरशांवर नजर फिरेपर्यंत पहिल्या आरशातला रस्ता बदललेला असतो.

तेव्हा उरलेले काम माणसांनी करायचे. आमच्या घरात आता तीन नियम आहेत. गाडी सुरू करण्याआधी भाईजान तिच्याभोवती एक पूर्ण फेरी मारतात. टायर, दोर, ताडपत्री तेवढ्यात पाहून होते. गाडीच्या आसपास खेळ नाही, बॉल खाली गेला तर मोठ्यांनी काढायचा. आणि गाडी हलण्याआधी हजेरी.

ही हजेरी भाभींनी सुरू केली. भाईजान केबिनमधून एकेका पोराचे नाव घेतात आणि पोराने ओट्यावर उभे राहून हात वर करून "हाजिर" म्हणायचे. सगळे हाजिर झाल्याशिवाय गिअर पडत नाही. पहाटे निघायचे असेल आणि पोरे झोपलेली असतील तर भाभी आत जाऊन डोकी मोजतात आणि दारातून हात करतात. शेजारच्या दोन मुलांचीही नावे आता त्या हजेरीत आली आहेत.

शाळेतही आम्ही मुलांना एक गोष्ट सांगितली आणि इथेही लिहून ठेवतो. मोठ्या गाडीजवळून जाताना तिच्या आरशात चालकाचा चेहरा दिसतो का पाहा. तुम्हाला तो दिसत नसेल तर तुम्हीही त्याला दिसत नाही. आणि चेहरा दिसला तरी त्याने तुमच्याकडे पाहिलेच असेल असे नाही, म्हणून डावीकडून पुढे घुसायचे नाही, मागे थांबायचे.

परवा वाशीहून फोन आला. माल उतरला होता, भाडे हातात पडले होते, कल्याणचा परतीचा माल मिळत होता. सगळे सांगून झाल्यावर भाईजान म्हणाले, "मास्तर, आज मार्केटात एकाच्या गाडीभोवती बादल्या ठेवल्या. तोही म्हणत होता, मला सगळं दिसतं." आम्ही विचारले, मग? ते म्हणाले, "मग काय? आता तो आरसे बघायला गेलाय."

धाकट्याला नवी सायकल आणली आहे. टोपी मात्र भाईजानांनी परत दिलेली नाही. ती गाडीत, सीटशेजारच्या कप्प्यात असते.